भाड्याचा तंबू आणि जंगलाच्या कडेची पहिली रात्र

डिसेंबरात भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडीत, एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या खाचरात पहिल्यांदाच तंबू ठोकून राहायचे ठरल्यामुळे आम्ही पुण्यातल्या एका दुकानातून दोघांचे सगळे सामान भाड्याने घेतले. तंबू दुहेरी कापडाचा होता, ही या दुकानाची सर्वांत मोठी जमेची बाजू. पहाटे बाहेरचे कापड आतल्या बाजूने ओलेचिंब झाले होते, तरी आमच्या अंथरुणावर दवाचा एक थेंबही पडला नाही. मात्र सोबत दिलेल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या भातकापणीनंतर टणक झालेल्या जमिनीत वाकल्या आणि शेवटी दोऱ्या दगडांना बांधाव्या लागल्या, म्हणून लोखंडी खुंट्या आवर्जून मागून घ्याव्यात.

स्लीपिंग बॅग स्वच्छ आणि उबदार होती, परंतु खाली अंथरायची फोमची चटई इतकी झिजलेली होती की रात्रभर जमिनीतून गारवा अंगात शिरत राहिला. नवख्या माणसाने चांगली चटई स्वतःची विकत घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. डोक्याला लावायच्या टॉर्चमध्ये सेलच नव्हते. शिट्टी, जादा मोजे आणि कचऱ्याची पिशवी आम्ही घरूनच नेली होती. राखीव वनात आग पेटवण्यास १९२७ च्या वन अधिनियमानुसार मनाई असल्याने गॅसचा छोटा स्टोव्ह घेतला होता, आणि तो वाऱ्यातही पहिल्याच काडीला पेटला.

अनामत रक्कम परत करताना दुकानदाराने वाकलेल्या खुंट्यांचे पैसे मात्र न विसरता कापले.