जुन्या ऑटोमॅटिकचं गिअर ऑइल: टप्प्याटप्प्याने बदल की मशीन फ्लश?

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज रखडणाऱ्या गाडीचं गिअर ऑइल तापून लवकर खराब होतं. लाखभर किलोमीटर ते बदललंच नसेल, तर आम्ही टप्प्याटप्प्याचा मार्ग सुचवतो.

यात ड्रेन प्लगमधून साधारण 3-4 लिटर ऑइल निघतं. बाकीचं बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) राहतं. आधी भरायचा प्लग सैल करा. तोच जाम निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल! निघालेलं ऑइल मोजा, तेवढंच भरा. पॅन (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं भांडं) उघडत असेल तर फिल्टर, गॅस्केट बदला, पॅनमधल्या चुंबकावरचा काळा लगदा पुसा. बारीक भुकटी चालते. धातूचे तुकडे दिसले तर कुठलंच ऑइल गिअरबॉक्स वाचवणार नाही. हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा, मग तिसऱ्यांदा. लेव्हल मात्र मॅन्युअलमधल्या तापमानालाच तपासा.

मशीन फ्लशमध्ये 10-12 लिटर लागतं, जवळपास सगळं ऑइल एकदम बदलतं. पण सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग) अडकू शकतो, आणि झिजलेल्या क्लच प्लेट नव्या ऑइलमध्ये घसरू लागू शकतात. नियमित ऑइल बदललेल्या गाडीला फ्लश चालेल.

सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर फक्त सीव्हीटीचंच ऑइल.