सेंच्युरियनच्या टवक्यांसाठी एकेचं ‘वॉर्न इफेक्ट्स’

एके इंटरॅक्टिव्ह या स्पॅनिश कंपनीची मॉडेलच्या रंगाचे टवके उडवायची दोन द्रवं मिळतात, ‘वॉर्न इफेक्ट्स’ आणि ‘हेवी चिपिंग’. द्रव दोन रंगांच्या मध्ये लावायचं; वरचा रंग पाण्याने ओला केला की ते विरघळतं, रंग सुटतो आणि खालचा दिसतो. माझ्याकडे दोन्ही आहेत. रणगाड्यांची छोटी मॉडेलं करणाऱ्या बहुतेकांनी आधी ‘वॉर्न इफेक्ट्स’ घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

मी आकुर्डीला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये काम करते. रंग कुठून सुटतो हे रोज डोळ्यांसमोर असतं. ओला रंग धारदार कडेवर टिकत नाही. पृष्ठताणामुळे तो दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि नेमका कडेवर थर पातळ राहतो. म्हणून पहिला टवका उडतो तो कडेचा. सपाट पत्र्याच्या मधोमध टवके दिसले, तर तिथे काहीतरी आपटलं असलं पाहिजे.

सध्या टेबलावर भारतीय लष्कराच्या पूना हॉर्स रेजिमेंटचा सेंच्युरियन रणगाडा आहे, १/३५ मापाचा. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या ‘फामागुस्ता’ नावाच्या रणगाड्यातून लढले आणि धारातीर्थी पडले, तो. त्यांचा जन्म पुण्यातला, १९५० चा. परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. मूळ रणगाडा नगरला जपून ठेवलाय. अशा गाडीवर वाटेल तिथे गंज फासायला माझा हात धजत नाही. आघाडीवरच्या गाडीची माणसं रोज निगा राखतात, ती भंगारात पडलेल्या गाडीसारखी गंजत नाही.

आणि माप विसरून चालत नाही. मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या गाडीवरचा साडेतीन सेंटिमीटरचा. ‘हेवी चिपिंग’ने दोन-तीन मिलिमीटरचे पोपडे सहज निघतात. बुलडोझरच्या पात्याला किंवा हिवाळ्यासाठी पांढरा रंग फासलेल्या जर्मन गाडीला ते शोभतात, माझ्या सेंच्युरियनला नाही. ‘वॉर्न इफेक्ट्स’ने मात्र मोहरीहून बारीक ठिपके मिळतात.

माझी पद्धत अशी. प्रायमरवर गडद तांबूस-तपकिरी रंग, त्यावर लॅकर वॉर्निश, पूर्ण सुकू द्यायचं. मग द्रवाचे दोन पातळ हात एअरब्रशने, काहीही न मिसळता. ते सुकलं की वर तामिया कंपनीचा ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे लष्करी मळकट हिरवा, त्यांच्याच अॅक्रिलिक थिनरने पातळ केलेला. इथे लॅकर थिनर अजिबात नको, रंग इतका घट्ट बसतो की पाण्याला दाद देत नाही. वरचा थर हाताला सुका लागला की कामाला लागायचं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. एका वेळी दोन बोटांएवढाच भाग ओला करायचा आणि पाणी आत मुरेपर्यंत थांबायचं. अप्पा बळवंत चौकात मिळणारा साधा हॉग हेअर ब्रश, म्हणजे डुकराच्या राठ केसांचा, आखूड कापून घेतला की झालं. घासायचं नाही, उभा धरून टोचायचं.

बाजूच्या पत्र्यांची खालची कड, मडगार्डचे पुढचे कोपरे, पेट्यांची झाकणं, हॅचचा (आत उतरायच्या झडपेचा) काठ, बूट पडतात त्या जागा, एवढंच मी उघडं केलं. झाकणाच्या कडेला हिरवा रंग सुटून तपकिरी रेघ दिसायला लागली आणि पुढे दोन टिंबं सोडून ती आपोआप थांबली, तेव्हा मला फार आनंद झाला. ब्रशने रंगवलेला टवका इतका बेहिशेबी येत नाही. तोफेच्या मुळाशी कॅनव्हास आहे. कापडाला टवके उडत नाहीत, तिथे मी द्रव लावलंच नाही.

पुण्याच्या हवेचा हिशेब वेगळा धरावा लागतो. एप्रिलमध्ये रंग झपाट्याने सुकतो, तेव्हा अर्धीच गाडी रंगवून तेवढीच उरकावी. पावसाळ्यात द्रव बराच वेळ चिकट राहतं, त्यावर घाईने रंग मारू नये.

साध्या हेअरस्प्रेनेही हे काम होतं आणि स्वस्तात होतं. सपाट, मोठ्या पत्र्यांना मी अजूनही तोच वापरते. पण डब्यातून थर किती जाडीचा बसेल हे हातात राहत नाही, आणि बारीक कामात सगळा खेळ जाडीचाच आहे. एकेची बाटली शंभर मिलीची असते, जपून वापरली तर बऱ्याच गाड्यांना पुरते.

टवके मनासारखे आले की लगेच वॉर्निशचा हात द्या. आतलं द्रव पाण्याला अजून विरघळतं, ओलं बोट लागलं तरी नको तिथला रंग सुटतो. इनॅमल वॉश (खाचांत मुरणारा पातळ इनॅमल रंग), धूळ आणि चिखल त्यानंतर.