जुन्या डिझेल गाडीचा सकाळचा स्टार्टिंग प्रॉब्लेम: साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीतलं पंप-नोझलचं गॅरेज

आमची टेम्पो ट्रॅव्हलर २००१ सालची, डिलिव्हरी व्हॅन बॉडीची. कंपनीचं नाव तेव्हा बजाज टेम्पो होतं. आत मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं २.४ लिटरचं ओएम ६१६ इंजिन. माझा केटरिंगचा व्यवसाय आहे. लग्नाची भांडी, शेगड्या, भरलेले डबे सगळं हीच गाडी वाहते, आणि सकाळच्या मुहूर्ताचा नाश्ता असला की पहाटे चारला निघावंच लागतं. गेल्या थंडीत तिने नेमकी पहाटेच दगा द्यायला सुरुवात केली. सेल (स्टार्टर) मारून मारून बॅटरी उतरायची, मग पोरं धक्का मारायची. एकदा गरम झाली की दिवसभर बोट लावावं तशी सुरू.

आधी ज्या गॅरेजला दाखवली तिथे नवी बॅटरी घालून दिली. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला सांगितलं की नोझलांना दाबाने डिझेल पुरवणारा पंप गेला, ओव्हरहॉलला अठरा हजार लागतील. गाडी मात्र त्यांनी दुपारी बघितली होती, मी ती चालवत नेली होती तेव्हा. तिथला मुलगा एअर क्लीनरपाशी पेट्रोलचा बोळा धरून सेल मारायचा, ते मला अजिबात पटलं नाही. हीटर, म्हणजे थंड इंजिन पकडावं म्हणून सिलिंडरमागे एक असे बसवलेले तापणारे प्लग, तापलेले असताना आत पेट्रोलची वाफ किंवा स्टार्टिंगचा स्प्रे गेला तर पिस्टन वर यायच्या आधीच भडका उडतो आणि पिस्टन, रिंगा फुटू शकतात. तुमच्याकडे कुणी असं करत असेल तर थांबवा.

मग एका ट्रकवाल्या ओळखीच्यांनी या गॅरेजचं सांगितलं. पत्र्याची शेड, बोर्डावर फक्त ‘डिझेल पंप व नोझल’. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि बॉनेटला हातही लावला नाही. म्हणाले, “ताई, गाडी रात्री इथेच राहू द्या. सकाळी मी येईपर्यंत कुणी चावी लावायची नाही.” एवढ्यावरच माझा विश्वास बसला. दोष थंड इंजिनातच दिसतो, मग ते थंडच बघायला हवं. ही साधी गोष्ट पहिल्या गॅरेजमध्ये कुणाच्या मनात आली नव्हती.

सकाळी मीही गेले. आधी बॅटरीला मीटर लावला, साडेबारा व्होल्ट. मग मीटरची एक वायर इंजिनच्या ब्लॉकला, दुसरी बॅटरीच्या मायनसला, आणि मला सेल मारायला सांगितलं. काटा एक व्होल्टच्या वर गेला. तिथे अर्ध्याच्या आत हवा. म्हणजे बॅटरी ठणठणीत, पण इंजिनपासून चॅसिसला येणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली, त्यामुळे स्टार्टरला पुरता करंटच मिळत नव्हता आणि इंजिन रेंगाळत फिरत होतं. नवी बॅटरी घालून तिथे काय होणार होतं?

त्यानंतर ते सायलेन्सरजवळ जाऊन उभे राहिले. सेल फिरतोय, धूर नाही. बराच वेळ नाही. मग पांढरा धूर यायला लागला, तरी इंजिन पकडेना. त्यांनी समजावलं ते असं: धूरच नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. पांढरा धूर असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. आमच्या गाडीत आधी एक आणि नंतर दुसरं, म्हणजे अर्थिंगशिवाय आणखी दोष दोन.

पहिल्यासाठी फिल्टरकडून पंपाकडे जाणारा काळा रबरी पाइप काढून तिथे पारदर्शक नळी बसवली आणि हँड प्रायमर, म्हणजे डिझेल ओढायचा हातपंप, मारला. नळीतून डिझेलबरोबर बारीक बुडबुड्यांची माळ सरकताना मी स्वतः बघितली. गाडी एअर घेत होती. फिल्टरच्या बोल्टखालचा तांब्याचा वॉशर दबून गेला होता आणि एका रबरी नळीला क्लिपपाशी चिरा पडल्या होत्या. डिझेल बाहेर गळत नव्हतं म्हणून कुणाला संशय आला नाही. पण गाडी रात्रभर उभी राहिली की त्या फटीतून हवा शिरायची आणि लाइनीतलं डिझेल टाकीकडे परत उतरायचं. दिवसा थांबे लहान असतात, तेवढ्यात लाइन रिकामी होत नाही.

दुसऱ्यासाठी हीटर प्लगांना जोडणारी पट्टी सोडवली. टेस्ट लॅम्पची वायर बॅटरीच्या प्लसला, टोक एकेका प्लगवर. दोनावर दिवा लागला, दोनावर नाही. चारातले दोन मेलेले असले तर थंड इंजिनाने पकडावं कसं? प्लग काढल्यावर त्याच भोकांतून कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती बनतो तेही, बघून घेतलं. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे निघाले, त्यामुळे इंजिन खोलायचा विषय संपला. पंपाला पाना लावलाच नाही.

चारही हीटर प्लग, वॉशर, नळ्या, क्लिपा, फिल्टर, अर्थिंगची नवी पट्टी आणि मजुरी धरून बिल चार हजारांच्या आत. काढलेलं सगळं सामान पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. आता पहाटे हीटरचा दिवा विझला की पहिल्या सेललाच गाडी पकडते, अगदी महाबळेश्वरला मुक्काम करून आलो त्या सकाळीही.

उणिवाही लिहिते. काम सावकाश चालतं, दुपारपर्यंत सांगितलेली गाडी मला दिवेलागणीला मिळाली. फोन क्वचितच उचलतात. बसायला जागा नाही आणि पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, व्यवसायाच्या हिशेबाला लागत असेल तर आधीच सांगा. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या, नव्या गाड्या ते घेत नाहीत, त्यांचं काम जुन्या मायको (बॉशच्या) पंपांचं. वाटेत बंद पडलेली गाडी घेऊन धावत जाण्यासारखं हे ठिकाण नाही.

जाणार असाल तर गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन लावा. टाकीत डिझेल रोज असतं तेवढंच असू द्या, मुद्दाम भरून नेऊ नका. भरलेल्या टाकीत पातळी वर येते आणि एअरचा दोष त्या दिवशी लपू शकतो, हे त्यांनीच मला सांगितलं.