मोटरची झोळी: पाच महिने वापरून

बाळंतपण उरकून माहेराहून पुण्याला परतले तेव्हा लेक दोन महिन्यांची होती आणि झोळीशिवाय डोळा मिटत नव्हती. आईकडे कडीला जुन्या साडीची झोळी, आणि झोका द्यायला कुणी ना कुणी हजर. इथे फ्लॅटमध्ये कडी नाही, माणसंही नाहीत. म्हणून स्टँड, स्प्रिंग आणि मोटरवाली झोळी मागवली, साडेचार हजारांना.

पहिला महिना भेटेल त्याला सांगत होते, हीच घ्या म्हणून. दूध पाजून, ढेकर काढून आत ठेवली की पाच मिनिटांत गाढ. कापड मऊ, मशीनमध्ये धुता येतं. स्प्रिंग मध्येच करकरायला लागली, ती खोबरेल तेलाने गप्प झाली.

गोची टाइमरची. तो जास्तीत जास्त अर्ध्या तासाचा. झोका थांबला की ही टक्क जागी. चौथ्या महिन्यात मी रात्रीतून सहा-सात वेळा उठून बटण दाबत होते. एकदा पहाटे तीनला वीज गेली, तेव्हा सव्वा तास हाताने झोके दिले.

साडेतीन महिन्यांच्या लसीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "रात्रभर झोळीतच?" झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते, श्वास अडू शकतो. रात्री सपाट, घट्ट गादीवर, पाठीवरच झोपवा. उशी नको, दुलई नको. शिवाय बाळाची झोप साधारण पाऊण-एक तासाच्या तुकड्यांची असते. तुकडा संपला की ते अर्धवट जागं होतं आणि डोळे मिटताना जे होतं तेच शोधतं. आमच्या हिला झोकाच हवा असायचा.

ऐकलं, पण अंमल करायला महिना गेला. मग दिवा मंद, दूध, अंगाई, आणि डोळे जड झाले पण मिटले नाहीत तोवर गादीवर ठेवून थोपटायचं. पहिल्या तीन रात्री नको त्या. सासूबाई म्हणाल्या, "लेकरू रडतंय गं, दे की दोन झोके." दुसऱ्या रात्री दिलेच. दहाव्या रात्री ती सलग पाच तास झोपली आणि मीच दचकून उठून तिचा श्वास बघितला.

दिवसा झोळी चालूच होती, समोर बसून. सातव्या महिन्यात ती कड धरून उठायला लागली, त्या दिवशी काढून ठेवली. आता रात्री एकदाच दुधाला उठते. दात येत असले तर काही खरं नाही.

स्टँडवर सध्या दुपटी वाळतात. मोटर मावसबहिणीने मागितलीय, तिला टाइमरचं आधीच सांगून ठेवलंय.