जुनाट आजार आणि ज्यूरीचं समन्स: तारीख पुढे न्यावी, सूट मागावी की सोय मागून जावं?

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकतच आपण मोठे झालेलो असतो. त्यामुळे अमेरिकेचं नागरिकत्व घेतल्यावर कधीतरी कौंटी (जिल्हा) कोर्टाचं समन्स टपालात येतं, की ज्यूरीत, म्हणजे खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात, बसायला या, तेव्हा मराठी घरात पहिला प्रश्न असतो, ‘यातून सुटायचं कसं?’ धडधाकट माणसानं जावं, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पण ज्याला ऱ्हुमॅटॉइड संधिवात, क्रोन्स (आतड्यांचा दाह), ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार), एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार) किंवा अपस्मार आहे, ज्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं, त्याच्यापुढचा पेच खरा असतो. त्याला चारही बाजूंनी एकच सल्ला मिळतो: डॉक्टरची चिठ्ठी जोड आणि कायमची सूट घेऊन टाक.

काहींसाठी हा सल्ला अगदी योग्य आहे, पण पुष्कळांसाठी नाही. वाटा एकूण चार आहेत: तारीख पुढे नेणं, या खेपेपुरती वैद्यकीय सूट घेणं, कायमची सूट घेणं, आणि कोर्टाकडून सोय करून घेऊन हजर राहणं. यातली कुठली निवडायची हे आजाराच्या नावावरून ठरवू नये, त्याच्या चालीवरून ठरवावं. तो अधूनमधून उसळतो का, रोज सारखाच असतो का, वाढतच जातोय का?

आधी एक खुलासा. अमेरिकेत ज्यूरीत फक्त नागरिक बसू शकतात. ग्रीन कार्ड किंवा एच-1बी वर असताना समन्स आलं, तर आजाराचा मुद्दा येतच नाही. ‘मी नागरिक नाही’ असं खरं उत्तर लिहून फॉर्म परत पाठवायचा. कचऱ्यात टाकायचा नाही.

कोर्टाचा दिवस काय मागतो

निर्णय घेण्याआधी हे माहीत हवं. सकाळी सुरक्षा तपासणीची रांग. मग ज्यूरीच्या खोलीत थांबणं, कधीकधी तासन्‌तास. नाव पुकारलं की कोर्टरूममध्ये निवडीचे प्रश्न. निवड झाली तर रोज साधारण सकाळी नऊ ते दुपारी साडेचार-पाच, मध्ये जेवणाची सुट्टी आणि एकदोन छोट्या सुट्ट्या. या वेळात वाटेल तेव्हा उठता येत नाही, खाता येत नाही, आणि लक्ष सतत साक्षीवर ठेवावं लागतं. एकाच्या अडचणीमुळे न्यायाधीश, वकील आणि बाकीचे ज्यूरर सगळेच थांबतात.

दुसरी बाजूही आहे. कॅलिफोर्नियात ‘एक दिवस किंवा एक खटला’ अशी पद्धत आहे. पहिल्या दिवशी कुठल्या खटल्यासाठी निवड झाली नाही, तर किमान वर्षभर पुन्हा बोलावत नाहीत. बऱ्याच जणांचा दिवस थांबण्यातच संपतो, किंवा आदल्या संध्याकाळी फोनवर, वेबसाइटवर पाहिलं की ‘तुमच्या गटाला येण्याची गरज नाही’ असं कळतं. म्हणजे तुम्ही ज्याला महिन्याभराचं संकट समजताय, ती अनेकदा एका दिवसाची बाब असते. मात्र फेडरल (केंद्रीय) ग्रँड ज्यूरीचं, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या ज्यूरीचं, समन्स असेल तर हा हिशेब लागू नाही. ते काम 18 महिन्यांपर्यंत चालू शकतं, आणि तिथे आजारी माणसानं पहिल्यापासूनच स्पष्ट बोलावं.

तारीख पुढे नेणं

सगळ्यात सोपी वाट हीच, आणि तिचाच वापर सगळ्यात कमी होतो. पहिल्यांदा मागितली तर बहुतेक कोर्टं फारशी चौकशी न करता पुढची तारीख देतात. ती ऑनलाइन किंवा फोनवर मिळते आणि सहसा डॉक्टरचं पत्र लागत नाही. ज्यांचा आजार उसळून ओसरतो, त्यांच्यासाठी माझ्या मते सुरुवात इथूनच व्हावी. क्रोन्सचा ताजा भडका, ल्युपसमध्ये स्टेरॉइडचा वाढवलेला डोस, नुकतीच बदललेली फिट्सची गोळी: ही सगळी ‘आत्ता नको’ची कारणं आहेत. ती ‘कधीच नको’ची कारणं नाहीत.

तारीख निवडताना आपल्या आजाराचं वेळापत्रक समोर ठेवा. बायोलॉजिक औषधाचं इन्फ्युजन (शिरेतून डोस) घेणाऱ्यांना पुढच्या डोसच्या आधीचे दिवस जड जातात. एमएसमध्ये उष्णतेनं लक्षणं वाढतात, तर जुलै-ऑगस्ट टाळा. मात्र तारीख पुढे नेली म्हणजे समन्स मिटलं असं होत नाही. आजाराची स्थिती तीच राहणार असेल, तर ही वाट नुसती टाळाटाळ ठरते.

या खेपेपुरती सूट आणि कायमची सूट

या दोन्हींत डॉक्टर लागतो, म्हणून लोक त्यांची गल्लत करतात. पण कोर्ट दोन्हींत वेगळी गोष्ट तपासतं.

या खेपेपुरत्या सुटीसाठी कॅलिफोर्नियाचा नियम असा आहे की, शारीरिक किंवा मानसिक व्याधीमुळे ज्यूरीत बसल्यास तुमच्या तब्येतीला अवाजवी धोका पोहोचणार असेल, तर सूट मिळू शकते. कोर्ट आजाराचा दाखला मागू शकतं. वय 70 किंवा जास्त असेल तर मात्र दाखला मागत नाहीत. न्यू जर्सीत वैद्यकीय कारणानं काम जमणार नाही हे परवानाधारक डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं. तिथे 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना नुसत्या वयावर सूट मागता येते. घरातल्या आजारी किंवा वृद्ध अवलंबिताची देखभाल करणाऱ्यालाही न्यू जर्सीचा कायदा सूट मागू देतो. नवऱ्याचं किंवा सासूबाईंचं आजारपण काढणाऱ्या बायकांना ही तरतूद क्वचितच माहीत असते.

कायमची सूट कॅलिफोर्नियात 2019 पासून नियमात आली. तिची अट कडक आहे: आजार किंवा अपंगत्व बरं होण्यासारखं नसावं, आणि कोर्टानं सोयी करून दिल्या तरीही तुम्ही हे काम करू शकत नसावं. उपचार करणाऱ्याचं लेटरहेडवरचं, सही केलेलं पत्र लागतं. अर्ज हजेरीच्या तारखेपर्यंत पोहोचायला हवा. नामंजूर झाला तर पुन्हा करता येतो. आणि ही सूट घेतल्यावर पुढे कधी तब्येत सुधारली, तर लेखी विनंती करून यादीत परतही येता येतं. ‘कायमची’ या शब्दाला घाबरून जे खरोखर खंगलेले लोक अर्ज करत नाहीत, त्यांनी हे लक्षात घ्यावं. टेक्सासमध्येही न्यायाधीश ठरावीक काळासाठी किंवा कायमची सूट देऊ शकतात, पण डॉक्टरच्या निवेदनासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

राज्याच्या कोर्टानं दिलेली सूट फेडरल कोर्टावर बंधनकारक नसते. तिथून समन्स आलं, की पुन्हा वेगळा अर्ज करायचा. याचा मनस्ताप होतो, म्हणून पत्राची प्रत घरी जपून ठेवा.

सोय मागून हजर राहणं

हा पर्याय आपल्या लोकांना सुचतच नाही. दुखणं सांगून माफी मागायची आपल्याला सवय आहे, दुखणं सांगून हक्क मागायची नाही. 1990 च्या अपंगत्वविषयक कायद्यानं राज्यांच्या कोर्टांवर सोयी देण्याची जबाबदारी टाकली आहे. टेनेसीत पोक कौंटीच्या कोर्टात लिफ्ट नव्हती. व्हीलचेअर वापरणाऱ्या जॉर्ज लेनला आपल्याच खटल्यासाठी दोन जिने सरपटत चढावे लागले होते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2004 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल लागला, की अशा बाबतीत राज्यांवर दावा लावता येतो. फेडरल कोर्टांना हा कायदा थेट लागू नाही, पण तीही स्वतःच्या धोरणानुसार सोयी देतात. कोर्टाच्या क्लार्कला विचारायचं.

काय मागता येतं? दाराजवळची खुर्ची, स्वच्छतागृहासाठी जास्त वेळा सुट्टी, साक्ष चालू असताना उभं राहण्याची मुभा, जवळ ग्लुकोजच्या गोळ्या आणि पाणी, इन्शुलिन पंपाबद्दल सुरक्षा कर्मचाऱ्यांना आधी सूचना, दुपारच्या औषधासाठी फ्रिज, ऐकू येण्यासाठी यंत्र. कॅलिफोर्नियात यासाठी एमसी-410 हा फॉर्म आहे. तो शक्यतो पाच कामकाजाच्या दिवसांआधी द्यायचा, आणि त्यातली माहिती गोपनीय राहते.

मला ही वाट महत्त्वाची वाटते, त्याला कारण आहे. ज्यूरीत कोण बसतं यानं निकाल बदलू शकतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 1908 मध्ये मुंबईत टिळकांच्या खटल्यात नऊ ज्यूररपैकी सात युरोपीय होते आणि दोन पारशी, आणि 7 विरुद्ध 2 मतांनी त्यांना दोषी ठरवलं गेलं. अपघाताची भरपाई, हॉस्पिटलची चूक, विमा कंपनीनं नाकारलेला उपचार अशा खटल्यांत वेदना म्हणजे काय हे अंगावर सोसलेलं एकही माणूस बाकावर नसेल, तर तिथे काहीतरी उणं राहतंच.

मग कोणी काय करावं

मधुमेह टाइप 1 असो वा 2, नियंत्रणात असेल तर सोय मागून जावं. सूट मागण्याचं कारण मला दिसत नाही. आटोक्यातला क्रोन्स किंवा कोलायटिस असेल, तरीही हेच. भडका चालू असेल तर तारीख पुढे न्यावी. संधिवातात बसण्याचा त्रास सोयीनं भागतो, पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जोरात चालू असतील तर गर्दीच्या खोलीचा धोका डॉक्टरशी बोलून घ्यावा, आणि गरज पडल्यास या खेपेपुरती सूट घ्यावी. अपस्मारात शेवटची फिट कधी आली होती यावर सगळं अवलंबून आहे.

सेंटरवर जाऊन आठवड्यातून तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास डायलिसिस घेणाऱ्याला रोज चालणारा खटला झेपणार नाही. त्यानं सूट मागताना मनात किंतु ठेवू नये. मात्र रात्री घरी पेरिटोनियल (पोटातून होणारं) डायलिसिस करणाऱ्याला जमू शकतं. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असेल आणि लवकर बरं वाटण्याची आशा असेल, तर कायमची सूट घ्यायची घाई नको.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो मायल्जिक एन्सेफलोमायलायटिस आणि त्यासारख्या थकव्याच्या आजारांवर. माणूस कोर्टात दिवसभर नीट बसलेला दिसतो आणि पुढचे कित्येक दिवस अंथरुणात काढतो. ‘पण तुम्ही तर ठीक दिसता’ हे वाक्य ज्यांना रोज ऐकावं लागतं, त्यांनी श्रमानंतर उलटणारा त्रास डॉक्टरकडून स्पष्ट लिहून घ्यावा आणि सरळ सूट मागावी. एकदा जाऊन बघू, असा प्रयोग स्वतःच्या शरीरावर करू नये.

डॉक्टरचं पत्र कुठल्याही आजारात असंच स्पष्ट हवं. ‘रुग्णाला ल्युपस आहे, कृपया सूट द्यावी’ या एका ओळीवर क्लार्क काय ठरवणार? पत्रात असावं की हा माणूस सलग किती वेळ बसू शकतो, किती वेळानं उठावं लागतं, औषधानं गुंगी येते का, लक्ष किती टिकतं, आणि ही स्थिती किती काळ राहील. पेशंट पोर्टलवरून समन्सची तारीख कळवा आणि हे मुद्दे तुम्हीच लिहून पाठवा. डॉक्टरही त्यानं सुखावतात.

इंग्लंडमध्ये असाल तर

तिथे नियम वेगळे आहेत, आणि पहिलाच धक्का देणारा आहे: नागरिकत्वाची अट नाही. राष्ट्रकुलातले म्हणून भारतीय पासपोर्टवर राहणारे लोक मतदार यादीत येतात. 13 व्या वर्षानंतर किमान पाच वर्षं तिथे राहणं झालं असेल, तर त्यांनाही समन्स येतं. वयाची मर्यादा डिसेंबर 2016 पासून 75 आहे. काम सहसा दहा कामकाजाच्या दिवसांचं असतं, म्हणून ‘एकच दिवस आहे, जाऊन येऊ’ हा अमेरिकेतला विचार इथे चालत नाही. सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तारीख एकदाच पुढे नेता येते, तीही बारा महिन्यांच्या आत. पूर्ण सूट मिळवायची तर वर्षभरात कधीच का जमणार नाही हे पटवून द्यावं लागतं. म्हणून उसळणाऱ्या आजारात ती एकमेव संधी घाईनं खर्चू नका.

अर्ज फेटाळला तर

समन्सकडे दुर्लक्ष करू नका. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात 1,000 डॉलरपर्यंत दंड आणि तीन दिवसांपर्यंत कैद आहे, इंग्लंडमध्ये 1,000 पौंडांपर्यंत दंड. ठरल्या दिवशी जा, पत्राची प्रत आणि औषधं बरोबर ठेवा. निवडीच्या वेळी खटला किती दिवस चालेल हे न्यायाधीश सांगतात. तेव्हा हात वर करून ‘मला तब्येतीबद्दल खासगीत बोलायचं आहे’ एवढंच म्हणा. सगळ्यांसमोर आजार सांगायची गरज नसते, बाजूला बोलावून ऐकून घेतात. खटला सुरू झाल्यावर तब्येत बिघडली तरी कर्मचाऱ्याला लगेच कळवा. अमेरिकेत अनेक खटल्यांत पर्यायी ज्यूरर बसवलेले असतात, ते त्याच कामासाठी.