हार्ड डिस्क की क्लाउड? दुकानाच्या हिशेबाचा बॅकअप

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेणं सोपं. पैसे एकदाच, नेट लागत नाही, कॉम्प्युटर बसला तर डेटा लगेच परत टाकता येतो. अडचण डिस्क कुठे ठेवतो याची. बहुतेकांची डिस्क कॉम्प्युटरलाच जोडलेली असते. 2017 च्या वॉनाक्रायसारखं रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) घुसलं की जोडलेली डिस्कही कुलूपबंद होते. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरच्या दुकानांत पाणी शिरलं तेव्हा टेबलावरचा कॉम्प्युटर आणि ड्रॉवरमधली डिस्क यांत पुराने फरक केला नसणार.

क्लाउडवरची, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेली प्रत गावाबाहेर असते, हा त्याचा खरा फायदा. दरमहा पैसे जातात, पहिलं अपलोड रेंगाळतं, ते चालवून घ्यावं. पण नुसतं सिंक (इथला प्रत्येक बदल आपोआप तिथेही होणं) म्हणजे बॅकअप नव्हे, हे कळकळीने सांगतो. इथे बिघडलेली फाइल तिथेही बिघडते. गूगल ड्राइव्हवर डिलीट केलेली फाइल ट्रॅशमध्ये 30 दिवसच राहते. म्हणून जुन्या आवृत्त्या जपणारी सेवाच घ्या, पासवर्डसोबत ओटीपीही लावा.

एकच निवडायचं तर मी क्लाउड निवडेन. जमत असेल तर डिस्कही ठेवा. शनिवारी बॅकअप घ्यायचा, वायर काढायची, डिस्क घरी न्यायची. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो रिस्टोअर करून कालची बिलं उघडतात का, ते बघायचं.