युद्ध की गुन्हा? दहशतवादाचा अभ्यासक्रम आखताना

राजकीय इस्लाम (म्हणजे इस्लामच्या आधारे राज्य आणि समाज घडवू पाहणारे राजकारण), दहशतवाद आणि पाश्चात्त्य राष्ट्रांनी त्याला दिलेले प्रत्युत्तर हा विषय शिकवायला किंवा प्रबंधासाठी हाती घेणाऱ्याला अगदी आरंभीच एक निवड करावी लागते, आणि बहुतेक जण ती नकळत करून टाकतात. ११ सप्टेंबर २००१ नंतरचा हा सारा इतिहास युद्ध म्हणून मांडायचा, की गुन्हा आणि त्याचा तपास म्हणून? दोन्ही मांडण्या मी वर्गात वापरून पाहिल्या आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना पहिली सात वर्षे मी युद्धाची मांडणी घेतली. त्यानंतर ती सोडून गुन्ह्याची घेतली आणि आजही तीच वापरतो. एका वर्गाच्या अनुभवावरून सर्वांसाठी नियम काढावा, असे मी म्हणणार नाही. परंतु पुढच्या वर्षाचा आराखडा आखायला बसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला किंवा विद्यार्थ्याला त्याचा उपयोग व्हावा, असे मनापासून वाटते.

युद्धाच्या मांडणीचे मोठे बळ असे की तिच्यात कारणांची साखळी सलग हाती लागते. १९७९च्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, अमेरिका आणि सौदी अरेबियाचा पैसा पाकिस्तानच्या आयएसआयमार्फत सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या मुजाहिदीनांपर्यंत पोहोचला, फेब्रुवारी १९८९मध्ये सोव्हिएत सैन्य परतले आणि लढण्यावाचून दुसरे काही न शिकलेली माणसे मागे उरली. १९९०मध्ये कुवेतच्या प्रश्नावरून अमेरिकी सैन्य सौदी भूमीवर उतरले आणि ओसामा बिन लादेनच्या रोषाला नवे लक्ष्य मिळाले. इराकबाबत तर या मांडणीला पर्यायच नाही. मे २००३मध्ये अमेरिकी प्रशासनाने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षातील वरच्या लोकांना सरकारी पदांवरून दूर केले आणि त्याच महिन्यात इराकी सैन्य बरखास्त केले. शस्त्र चालवता येणारे, पगार बंद झालेले आणि अपमानाने पेटलेले लाखो पुरुष त्यामुळे रस्त्यावर आले. जून २०१४मध्ये मोसुल घेणाऱ्या इस्लामिक स्टेटच्या लष्करी फळीत सद्दामच्या सैन्यातील जुने अधिकारी का आढळतात, याचे उत्तर कोणत्याही आरोपपत्रात सापडत नाही. इराकवरचे तास मी आजही जुन्याच टिपणांवरून घेतो.

तरीही मी ती मांडणी सोडली, आणि ज्या अडचणीमुळे सोडली ती ऐकताना किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. प्रत्येक प्रकरण शिकवताना मी फळ्यावर तीन रकाने आखत असे : काय घडले, प्रत्युत्तर काय दिले, आणि शेवट काय झाला. पहिले दोन रकाने भरभरून लिहिले जात. तिसरा रकाना मात्र दरवर्षी एक तर कोरा राही, किंवा गेल्या वर्षी लिहिलेले यंदा पुसावे लागे. तालिबानची सत्ता उलथली, असे मी २००१च्या पुढे लिहीत असे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये परतले. बिन लादेन २ मे २०११ रोजी पाकिस्तानातील अबोटाबादमध्ये मारला गेला. त्याचा वारस ऐमन अल-जवाहिरी जुलै २०२२मध्ये ड्रोन हल्ल्यात मारला गेला, तो काबूलमध्येच, म्हणजे ज्या शहरातून अल कायदाला हुसकावण्यासाठी वीस वर्षे घालवली त्याच शहरात राहत असताना. 'मारला गेला' हा शेवट आहे का, असा प्रश्न विद्यार्थी विचारीत आणि मला त्याचे प्रामाणिक उत्तर देता येत नसे.

सर्वांत अधिक खटकत असे ते ग्वांतानामोचे, म्हणजे क्यूबातील अमेरिकी लष्करी तुरुंगाचे, पान. ११ सप्टेंबरच्या कटाचा मुख्य सूत्रधार समजला जाणारा खालिद शेख मोहम्मद मार्च २००३मध्ये रावळपिंडीत पकडला गेला. सीआयएच्या गुप्त तुरुंगांत त्याच महिन्यात त्याच्यावर १८३ वेळा पाण्याने गुदमरवण्याचा प्रयोग झाला, ही नोंद अमेरिकी सरकारच्याच कागदपत्रांत आहे. सप्टेंबर २००६मध्ये त्याला ग्वांतानामोत आणले, २००८मध्ये लष्करी आयोगापुढे उभे केले आणि २०१२मध्ये पुन्हा नव्याने उभे केले. छळातून आणि छळाच्या सावटाखाली मिळालेले जबाब पुराव्यात घ्यायचे की नाही, यावर वर्षानुवर्षे केवळ प्राथमिक सुनावण्या होत राहिल्या. जुलै २०२४मध्ये गुन्हा कबूल करून जन्मठेप स्वीकारण्याचा करार झाला; संरक्षणमंत्र्यांनी तो दोनच दिवसांत मागे घेतला आणि जुलै २०२५मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द ठरवला. जवळपास तीन हजार माणसांच्या हत्येबद्दल मुख्य आरोपीवर खटलाच उभा राहू शकलेला नाही. जानेवारी २००२पासून सुमारे ७८० माणसे त्या तुरुंगात गेली आणि जानेवारी २०२५मध्ये तेथे १५ उरली होती. मधल्या काळात बहुसंख्यांवर आरोपच ठेवले गेले नाहीत. हे पान मी सात वर्षे सुधारत राहिलो, आणि प्रत्येक वर्षी सुधारणा झाली ती तारखांचीच.

मग मी या कोऱ्या रकान्याचे मूळ शोधू लागलो आणि ते युद्धाच्या कल्पनेतच आहे, या निष्कर्षाला आलो. १८ सप्टेंबर २००१ रोजी अमलात आलेला बळाच्या वापराच्या अमेरिकी ठरावाचा गाभा मूळ इंग्रजीत अवघ्या ६० शब्दांच्या एका वाक्यात आहे. तो ठराव ११ सप्टेंबरचे हल्लेखोर आणि त्यांना आश्रय देणारे यांच्याविरुद्ध होता, पण त्यात मुदत नव्हती आणि भूगोलही नव्हता. पुढे त्याच ठरावाचा आधार येमेन आणि सोमालियातील कारवाईला दिला गेला आणि २००१मध्ये जन्मालाही न आलेल्या इस्लामिक स्टेटविरुद्धच्या मोहिमेलाही दिला गेला. २० सप्टेंबर २००१च्या भाषणात अध्यक्ष बुश यांनी हे युद्ध अल कायदापासून सुरू होते, पण तिथे संपत नाही, असे स्वच्छ सांगितले होते. ज्या युद्धाच्या घोषणेतच शेवट नाही, त्याचा शेवट वर्गातील फळ्यावर कुठून उमटणार?

गुन्ह्याच्या मांडणीकडे मी वळलो तो स्पेनमधील माद्रिदमुळे. ११ मार्च २००४ रोजी सकाळच्या गर्दीत चार उपनगरी गाड्यांत दहा बॉम्ब फुटले. तत्कालीन सरकारने प्रथम बास्क फुटीरतावादी संघटना एटावर बोट ठेवले. तीन दिवसांनी झालेल्या निवडणुकीत ते सरकार पडले. पण मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतर न्यायालयात जे घडले ते. १९१ जणांच्या हत्येचा खटला फेब्रुवारी २००७मध्ये सुरू झाला आणि ३१ ऑक्टोबर २००७ रोजी त्याचा निकाल लागला. २१ आरोपी दोषी ठरले, सात निर्दोष सुटले आणि एटाचा सहभाग असल्याचा कोणताही पुरावा नाही, असे न्यायालयाने नोंदवले. ज्याला सूत्रधारांपैकी एक म्हणून वृत्तपत्रांनी तीन वर्षे रंगवले होते, तोही या हल्ल्याच्या आरोपातून सुटला. हल्ल्यापासून निकालापर्यंत पावणेचार वर्षेही लागली नाहीत. तो तिसरा रकाना मी ज्या दिवशी एका तासात पूर्ण लिहिला, त्या दिवशी वर्गातील चर्चेचा स्वरच बदलला. 'कोण जिंकले' हा प्रश्न मागे पडला आणि 'कशावरून' हा प्रश्न पुढे आला.

आपल्याकडच्या वाचकाला याचे अधिक जवळचे उदाहरण अर्थातच २६/११ हे आहे. १६६ माणसे मारली गेली होती, शहर संतापाने थरथरत होते, आणि जिवंत पकडलेल्या अजमल कसाबवर खटला कशाला चालवायचा, असे अनेक सुजाण माणसेही तेव्हा बोलत असत. खटला चालला. अकरा हजारांहून अधिक पानांचे आरोपपत्र दाखल झाले, आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयाने मे २०१०मध्ये फाशी सुनावली, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांनी ती तपासून कायम केली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. पण वर्गात मी अधिक वेळ देतो तो त्याच निकालातील दुसऱ्या भागाला. कटात सामील असल्याचा आरोप असलेल्या दोन भारतीयांची न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी निर्दोष मुक्तता केली, कारण त्यांच्याविरुद्धचा मुख्य पुरावा असलेला नकाशा मारल्या गेलेल्या दहशतवाद्याच्या खिशात सापडला असे सांगितले जात होते, आणि त्यावर रक्ताचा डाग नव्हता की चुरगळल्याची खूण नव्हती. ही मुक्तता वरच्या दोन्ही न्यायालयांत टिकली. एवढ्या मोठ्या घावानंतरही एका नकाशाच्या घडीकडे कोणीतरी शांतपणे पाहू शकले, याचा मला या शहराचा शेजारी म्हणून अभिमान वाटतो. याउलट, २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने एका मोटारीवर केलेल्या हल्ल्यात सात मुलांसह दहा निरपराध माणसे मारली गेली. ती चूक होती, हे पेंटागॉनने मान्य केले ते ती माणसे पुरल्यानंतर.

राजकीय इस्लामचा प्रश्न येथेच येतो, आणि माझ्या मते दोन मांडण्यांतील खरा फरकही येथेच आहे. खटल्यात कृत्य सिद्ध करावे लागते; युद्धात शत्रू ठरवावा लागतो, आणि शत्रू ठरवताना विचारसरणीचे वर्तुळ मोठे मोठे होत जाते. एका विद्यार्थिनीने मला एकदा विचारले होते, 'सर, ट्युनिशियातील एन्नाहदा कोणत्या रकान्यात लिहायचा?' हा इस्लामवादी पक्ष २०११मध्ये २१७पैकी ८९ जागा जिंकून सत्तेवर आला, जानेवारी २०१४मध्ये नवे संविधान संमत झाल्यावर सत्तेवरून स्वतः पायउतार झाला, आणि २०१६मध्ये त्याने धर्मप्रसार व राजकारण वेगळे केल्याची घोषणा केली. युद्धाच्या मांडणीत त्याला जागा सापडत नाही. अल्जीरियात डिसेंबर १९९१मध्ये इस्लामिक साल्वेशन फ्रंट हा इस्लामवादी पक्ष निवडणुकीच्या पहिल्या फेरीत जिंकला, तेव्हा लष्कराने निवडणूकच रद्द केली आणि पाश्चात्त्य राजधान्यांनी त्याला फारसा विरोध केला नाही. त्यानंतरच्या दशकात त्या देशात लाखाच्या घरात माणसे मेली. इजिप्तमध्ये ३ जुलै २०१३ रोजी निवडून आलेल्या मोहम्मद मोर्सी यांना लष्कराने हटवले, तेव्हा वॉशिंग्टनने 'लष्करी उठाव' हा शब्द उच्चारण्याचे टाळले. मोर्सी यांचा कारभार सर्वसमावेशक होता असे मी म्हणणार नाही. पण मतपेटीतून आलेल्या आणि बॉम्ब घेऊन आलेल्या माणसाला एकाच नावाने हाक मारली, तर मतपेटीकडे येऊ पाहणाऱ्या तरुणाला आपण काय सांगतो, याचा विचार व्हायला हवा. ब्रिटनने मुस्लिम ब्रदरहूडची, म्हणजे मोर्सी ज्या इस्लामवादी संघटनेतून आले तिची, जी चौकशी २०१४मध्ये सुरू केली, तिचा डिसेंबर २०१५मधील निष्कर्ष मला यासाठी उपयोगी वाटतो : संघटनेशी संबंध हे अतिरेकी विचारांचे संभाव्य लक्षण मानावे, असे सरकारने म्हटले, परंतु बंदी घातली नाही. त्या निष्कर्षावर दोन्ही बाजूंनी टीका झाली; तरी विचार आणि कृत्य यांतली रेघ त्यात पुसली गेली नाही.

गुन्ह्याच्या मांडणीचे दोष लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बिन लादेनविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये १९९८मध्येच आरोपपत्र होते आणि त्याने ११ सप्टेंबर टळले नाही, कारण त्याला सोपवायला तालिबान तयार नव्हते. इस्लामिक स्टेटच्या ताब्यात प्रदेश असताना तेथे समन्स घेऊन कोणी जाणार नव्हते. २६/११ची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीला शिकागोत ३५ वर्षांची शिक्षा झाली, पण गुन्हा कबूल करण्याच्या करारामुळे तो भारताच्या हाती आला नाही. त्याच कटातील आरोपी तहव्वूर राणा आला तो एप्रिल २०२५मध्ये, सोळा वर्षांनी, आणि कटाचे सूत्रधार सीमेपलीकडेच राहिले. सर्वांत जड उदाहरण ११ जुलै २००६च्या मुंबईतील लोकल गाड्यांच्या स्फोटांचे आहे. विशेष न्यायालयाने २०१५मध्ये १२ जणांना दोषी ठरवले, त्यांतील पाच जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले, आणि तोपर्यंत त्यांतील एक जण तुरुंगातच वारला होता. तो निकाल पूर्वनिर्णय म्हणून वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच सांगितले. येथे माझाच लाडका तिसरा रकाना लिहिला गेला, पुसला गेला आणि अजून ओला आहे. मृतांच्या नातेवाइकांना आणि सुटलेल्यांच्या नातेवाइकांना, दोघांनाही या मांडणीने न्याय दिला, असे मला म्हणवत नाही. मात्र तो रकाना का पुसला गेला याची कारणे निकालपत्रात सविस्तर लिहिलेली आहेत आणि ती वर्गात वाचता येतात. ड्रोनच्या बाबतीत एवढेही हाती लागत नाही.

ज्यांचा भर सामरिक अभ्यासावर किंवा पश्चिम आशियाच्या राज्यव्यवस्थांवर आहे, त्यांनी युद्धाचीच मांडणी घ्यावी. त्यांना इराक आणि अफगाणिस्तान यांच्यासाठी ती लागेलच. फ्रान्सचे प्रकरण दोन्हींच्या मध्ये पडते : नोव्हेंबर २०१५च्या पॅरिसमधील हल्ल्यांनंतर दोन दिवसांत सीरियातील रक्क्यावर, इस्लामिक स्टेटच्या बालेकिल्ल्यावर, बॉम्ब टाकले गेले, जवळपास दोन वर्षे आणीबाणी राहिली आणि शेवटी सप्टेंबर २०२१ ते जून २०२२ असा दीर्घ खटलाही चालला. त्यावर स्वतंत्र प्रबंध होईल. पण ज्यांच्या हाती एकच सत्र आहे आणि ज्यांच्या वर्गात निरनिराळ्या घरांतून आलेली मुले एकाच बाकावर बसतात, त्यांना मी माझा क्रम सुचवीन : पहिला तास माद्रिदच्या निकालाला, दुसरा कसाब खटल्यातील त्या नकाशाला, आणि ग्वांतानामो त्यानंतर. या क्रमाने गेल्यास ग्वांतानामोच्या तासाला तिसरा रकाना कोरा का, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही. माझ्या वर्गात तरी गेली काही वर्षे तो प्रश्न विद्यार्थीच उभा करतात.